मोदकांची ऑर्डर वहीतून वर्कफ्लोमध्ये: बाहेरच्या सेवा एन-एट-एनला कशा जोडायच्या

माझी मावशी गिरगावात उकडीचे मोदक करते. श्रावण संपत आला की तिच्याकडे ऑर्डरींची रीघ लागते. कोणी फोन करतं, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितं, कोणी जिन्यात गाठून सांगतं, आणि हे सगळं एका लांबट वहीत उतरतं. पैसे आले का ते काका मोबाइलवर बघणार, मग वहीत टिक, मग स्वयंपाकघरात हाक. एका वर्षी एका घराचे २१ मोदक वहीत चढायचेच राहिले. चतुर्थीच्या सकाळी ती माणसं चर्नी रोडला उतरून दारात आली. नैवेद्याची वेळ झाली होती. मावशीने घरच्या गणपतीसाठी काढून ठेवलेले मोदक त्यांच्या डब्यात भरून दिले आणि पुन्हा उकड काढायला बसली.

पुढच्या वर्षी मी ही साखळी एन-एट-एनवर (n8n, वेगवेगळ्या सेवा एकमेकींना जोडून कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर) उभी केली. पैसे जमा झाले की ऑर्डर शीटमध्ये जाते, ग्राहकाला पोच मिळते आणि स्वयंपाकघरातल्या फोनवर निरोप येतो. बाहेरच्या चार सेवा आणि त्यांच्यामध्ये एक वर्कफ्लो, म्हणजे एकामागून एक आपोआप होणाऱ्या कामांची मालिका, एवढीच रचना आहे. ती कशी केली ते इथे पायरीपायरीने लिहितो. तुमचा धंदा क्लासचा असेल, दवाखान्याचा किंवा सोसायटीच्या मेंटेनन्सचा, पायऱ्या याच राहतील. बहुतेक व्हिडिओ हिरवी खूण दिसली की संपतात. मला जास्त सांगायचं आहे ते त्या खुणेनंतरचं, कारण पहिल्या दिवशी जोडणी चालते. ती आठव्या दिवशी आणि गर्दीच्या दिवशी चालावी यासाठीच खरी मेहनत लागते.

आधी कागदावर बाण काढा

संगणक उघडण्याआधी वहीच्या एका पानावर प्रत्येक सेवेचा चौकोन काढा आणि त्यांना बाणांनी जोडा. प्रत्येक बाणावर तीन गोष्टी लिहा: निरोप कोण कोणाला देतं, त्यात नेमकं काय असतं आणि तो किती लवकर पोचायला हवा.

निरोप मिळण्याचे दोन मार्ग असतात. वेबहुक म्हणजे दारावरची बेल: काही घडलं की समोरची सेवा स्वतः तुमच्या पत्त्यावर येऊन सांगते. पोलिंग म्हणजे दर पाच मिनिटांनी आपणच दार उघडून कोणी आलंय का ते बघायचं. सेवा वेबहुक देत असेल तर तोच घ्या. निरोप लगेच मिळतो आणि रिकाम्या फेऱ्या वाचतात. पण बेल बंद पडली तर घरातल्याला ते कळत नाही, म्हणून दिवसातून एकदा दार उघडून बघण्याची सोयही ठेवावी लागते. त्याबद्दल शेवटी.

आमचे बाण असे होते: पेमेंटची सेवा वर्कफ्लोला सांगते, वर्कफ्लो शीटमध्ये लिहितो, मग ग्राहकाला आणि स्वयंपाकघराला कळवतो. चौकोन चार, बाण चार. एका दिवशी एकच बाण जोडा आणि तो पक्का झाल्यावर पुढचा घ्या. चारही एकदम जोडले की कुठे अडलं ते शोधण्यातच रात्र जाते.

वर्कफ्लो कुठे चालवायचा

झॅपियर, पूर्वी इंटिग्रोमॅट नावाने ओळखलं जाणारं मेक, आणि एन-एट-एन ही या क्षेत्रातली परिचित नावं. एन-एट-एन २०१९ साली बर्लिनमधून सुरू झालं. ते त्यांच्या क्लाउडवर भाड्याने वापरता येतं, तसंच स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं. सर्व्हर सांभाळणारं घरात कोणी नसेल तर सरळ क्लाउड घ्या. महिन्याचं भाडं जातं, पण मध्यरात्री उठावं लागत नाही.

स्वतः बसवणार असाल तर डॉकर (सॉफ्टवेअर ‘कंटेनर’ नावाच्या बंद डब्यात चालवणारं साधन) वापरा आणि चार गोष्टी पहिल्याच दिवशी नीट करा.

डेटा डॉकरच्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेरच्या कायमच्या साठ्यात, ठेवा. नाहीतर कंटेनर बदलला की वर्कफ्लो आणि चाव्या दोन्ही जातात.

एन्क्रिप्शन की स्वतः ठरवून द्या आणि तिची प्रत दुसरीकडे जपून ठेवा. सगळे पासवर्ड आणि टोकन या कीने कुलूपबंद होतात. डेटाबेसचा बॅकअप आहे पण की हरवली, अशी वेळ आली तर प्रत्येक सेवा नव्याने जोडावी लागेल.

वेबहुक यूआरएलच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या जगाला दिसणारा, एचटीटीपीएसने सुरू होणारा पत्ता लिहा. एन-एट-एन आतून ५६७८ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. ही सेटिंग राहून गेली तर स्क्रीनवर तुम्हाला लोकलहोस्टचा, म्हणजे फक्त त्याच मशीनवर चालणारा, पत्ता दिसतो, तुम्ही तो समोरच्या सेवेला देता, आणि त्या पत्त्यावर बाहेरचं कोणीच पोचू शकत नाही. घरच्या ब्रॉडबँडवर लॅपटॉप चालू ठेवून हे काम होत नाही त्याचं कारणही हेच. एडब्ल्यूएसचं (अमेझॉनच्या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या सेवेचं) मुंबईतलं केंद्र २०१६ पासून आहे. तिथे किंवा अशाच दुसऱ्या ठिकाणी एक लहान सर्व्हर पुरतो.

चौथी गोष्ट टाइमझोन. स्वतः बसवलेल्या एन-एट-एनची मूळ वेळ न्यूयॉर्कची असते. सकाळी ९ चा अहवाल लावला आणि तो मुंबईत संध्याकाळी साडेसहाला आला, तर बिघाड शोधत बसू नका. टाइमझोन आशिया-कोलकाता करा. प्रत्येक वर्कफ्लोच्या सेटिंगमध्येही तो वेगळा देता येतो, तिथेही एकदा नजर टाका.

चाव्यांचा हिशोब

बाहेरची सेवा तुमच्या वर्कफ्लोला ओळखते ती चावीवरून. एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायचं दार. एपीआय की किंवा टोकन ही साधी चावी: सेवेच्या डॅशबोर्डवर तयार करायची, एकदाच दिसते तेव्हा उतरवून घ्यायची आणि एन-एट-एनच्या क्रेडेन्शियलमध्ये, म्हणजे चाव्या ठेवायच्या कुलूपबंद जागेत, टाकायची. ओऑथ हा जरा लांबचा मार्ग आहे. त्यात तुम्ही पासवर्ड कोणाला देतच नाही. गूगलसारखी सेवा तुम्हाला विचारते, ‘या अ‍ॅपला तुमच्या शीट बघू आणि लिहू द्यायच्या का?’ तुम्ही हो म्हणालात की ती वर्कफ्लोला थोड्या मुदतीचं टोकन देते आणि ते संपल्यावर नवं मिळवण्यासाठी एक रिफ्रेश टोकनही देते.

इथे तीन नियम मी कधीच मोडत नाही. चावी नेहमी क्रेडेन्शियलमध्येच ठेवायची, नोडच्या (वर्कफ्लोतल्या एकेका पायरीच्या चौकटीच्या) रकान्यात थेट चिकटवायची नाही. वर्कफ्लो एक्स्पोर्ट करून मित्राला पाठवला की रकान्यात लिहिलेली चावी त्याच्यासोबत जाते. दुसरं, हवी तेवढीच परवानगी मागायची. ऑर्डर लिहायला शीट पुरते, सगळी मेलपेटी उघडायला नको. तिसरं, जोडणी धंद्याच्या स्वतंत्र खात्यावरून करायची. भाच्याच्या खासगी मेलवर मावशीचा धंदा बांधला आणि भाच्याने पासवर्ड बदलला, तर ऐन सणात सगळं थांबू शकतं.

पहिला बाण: गूगल शीट्स

एन-एट-एनच्या क्लाउडवर असाल तर गूगलने साइन इन करायचं बटण मिळतं, दोन मिनिटांत काम होतं. स्वतःच्या सर्व्हरवर मात्र गूगलला तुमच्या अ‍ॅपची ओळख तुम्हालाच करून द्यावी लागते. क्रम असा.

गूगल क्लाउड कन्सोलमध्ये धंद्याच्या खात्याने जा आणि नवा प्रोजेक्ट करा. त्यात शीट्सचा आणि ड्राइव्हचा, असे दोन्ही एपीआय सुरू करा. ड्राइव्हचा राहिला तर एन-एट-एनमध्ये शीटची यादीच दिसत नाही आणि माणूस गोंधळतो. मग ओऑथची कन्सेंट स्क्रीन भरा: अ‍ॅपचं नाव, संपर्काचा मेल. त्यानंतर ओऑथ क्लायंट तयार करा, प्रकार वेब अ‍ॅप्लिकेशन.

आता एन-एट-एनमध्ये गूगल शीट्सचं नवं क्रेडेन्शियल उघडा. तिथे ओऑथ रिडायरेक्ट यूआरएल दिसेल. तो हाताने टाइप करू नका, कॉपी करून गूगलच्या क्लायंटमध्ये चिकटवा. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. एचटीटीपीएसमधला एस सुटला किंवा शेवटी एक तिरकी रेघ जास्त आली तरी गूगल ‘रिडायरेक्ट यूआरआय मिसमॅच’ म्हणून परत पाठवतं. क्लायंट आयडी आणि सिक्रेट एन-एट-एनमध्ये टाका, साइन इन करा, परवानगी द्या. हिरवी खूण येईल.

इथे बरेच जण उठतात, पण तुम्ही उठू नका. कन्सेंट स्क्रीनचा प्रकार एक्स्टर्नल आणि स्थिती टेस्टिंग असेल, तर गूगलच्या नियमानुसार रिफ्रेश टोकन ७ दिवसांत संपतं. म्हणजे आठवडाभर सगळं सुरळीत आणि आठव्या दिवशी शीटमध्ये एकही ओळ नाही. उपाय सोपा आहे: अ‍ॅप पब्लिश करून त्याची स्थिती प्रॉडक्शन करा आणि मग पुन्हा एकदा साइन इन करा, म्हणजे नवं टोकन मिळेल. परवानगी देताना अ‍ॅपची पडताळणी झालेली नाही अशी सूचना दिसते. अ‍ॅप तुमचंच आहे आणि वापरणारे तुम्हीच आहात, तेव्हा पुढे जायला हरकत नाही. धंद्याकडे गूगल वर्कस्पेस असेल तर प्रकार इंटर्नल निवडा, ही अडचण येतच नाही. सर्व्हिस अकाउंट हा आणखी एक मार्ग: त्याला स्वतःचा मेल पत्ता मिळतो आणि शीट त्या पत्त्याबरोबर शेअर करायची. कोणी साइन इन करण्याचा प्रश्नच नाही, म्हणून फक्त शीटपुरतं काम असेल तर मला हाच मार्ग आवडतो.

शीट आखताना पहिला रकाना पेमेंट आयडीचा ठेवा. याचा उपयोग पुढे कळेल. फोन नंबरचा रकाना साधा मजकूर म्हणून ठरवा, नाहीतर पुढचं अधिक चिन्ह आणि शून्य गळतात. तारखेचंही तसंच. ०७/०९ म्हणजे सात सप्टेंबर की नऊ जुलै, हे शीटच्या लोकेल (देशाच्या) सेटिंगवर ठरतं. लोकेल भारत करा, किंवा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा.

दुसरा बाण: पैसे जमा झाल्याची बातमी

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वैयक्तिक यूपीआय आयडीवर आलेल्या पैशांचा वेबहुक मिळत नाही. फोनवर येणारे बँकेचे एसएमएस वाचून ऑर्डर लावणारी अ‍ॅप काही जण वापरतात. मी तो सल्ला देत नाही, कारण ज्या फोनवर ओटीपी येतात त्याचे सगळे संदेश परक्या अ‍ॅपच्या हाती देणं धोक्याचं आहे. पेमेंट गेटवेचं खातं काढा. त्याला पॅन आणि बँक खात्याची कागदपत्रं लागतात आणि प्रत्येक व्यवहारामागे थोडं शुल्क जातं, पण बातमी खात्रीची मिळते. उदाहरणासाठी रेझरपे घेतो.

एन-एट-एनमध्ये वेबहुक नोड टाका, पद्धत पोस्ट निवडा. नोडवर दोन पत्ते दिसतील, टेस्ट आणि प्रॉडक्शन. टेस्टचा पत्ता तुम्ही स्क्रीनवर ऐकण्याचं बटण दाबल्यावर थोडाच वेळ जिवंत असतो. प्रॉडक्शनचा पत्ता वर्कफ्लो अ‍ॅक्टिव्ह केल्यावर, नव्या आवृत्तीत पब्लिश केल्यावर, सुरू होतो. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी समोरच्या सेवेला टेस्टचाच पत्ता दिलेला असतो.

रेझरपेच्या डॅशबोर्डवर आधी टेस्ट मोडमध्ये जा. वेबहुकच्या विभागात पत्ता द्या, एक लांबलचक सिक्रेट, म्हणजे गुप्त शब्द, ठरवा आणि घटनांच्या यादीतून पेमेंट कॅप्चर्ड एवढीच निवडा. सगळ्या घटना निवडल्या तर एकाच ऑर्डरचे चार निरोप येतील. टेस्ट मोडमध्ये खोटं पेमेंट करून बघा. नंतर लाइव्ह मोडमध्ये वेबहुक पुन्हा स्वतंत्रपणे जोडायचा असतो, तो आपोआप येत नाही.

आलेल्या निरोपात रक्कम रुपयांऐवजी पैशांत असते. २१ मोदकांचे ८४० रुपये झाले तर तिथे ८४००० दिसेल. शीटमध्ये लिहिण्याआधी १०० ने भागा. वेळ युनिक्स सेकंदांत (१ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या) असते, जावास्क्रिप्टमध्ये वापरताना १००० ने गुणा. किती मोदक आणि कधी न्यायचे, ही माहिती पेमेंट लिंक बनवताना नोट्समध्ये घाला, म्हणजे ती बातमीबरोबर परत येते.

आता सही तपासणं. वेबहुकचा पत्ता कोणालाही कळू शकतो, आणि कळला तर पैसे न भरता कोणीही ५१ मोदकांचा निरोप पाठवू शकेल. म्हणून रेझरपे प्रत्येक निरोपाच्या हेडरमध्ये (निरोपासोबत येणाऱ्या माहितीत) सही पाठवतं. ती तुमच्या सिक्रेटने, एचमॅक एसएचए-२५६ पद्धतीने, निरोपाच्या मूळ मजकुरावर काढलेली असते. तुम्हीही क्रिप्टो नोडने तशीच सही काढायची आणि दोन्ही जुळल्या तरच पुढे जायचं. इथे मूळ मजकूर म्हणजे अगदी जसा आला तसा. एन-एट-एनने जेसनचं (निरोप ज्या मांडणीत येतो तिचं) रूपांतर करून दिलेला मजकूर पुन्हा जोडून सही काढली तर एखादी मोकळी जागा इकडेतिकडे होते आणि सही जुळत नाही. वेबहुक नोडच्या पर्यायांत रॉ बॉडी सुरू करा आणि तीच वापरा. हे काम किचकट वाटतं, म्हणून लोक ते टाळतात. तुम्ही टाळू नका. पैशांच्या बाणावर ही तपासणी लागतेच.

उत्तर मात्र ताबडतोब द्या. रेझरपेला ५ सेकंदांत उत्तर हवं असतं. ते मिळालं नाही तर निरोप पोचला नाही असं धरून ते पुन्हा पाठवतं, आणि २४ तासांपर्यंत पाठवत राहतं. शीट, व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम सगळं आटोपून मग उत्तर दिलं तर पाच सेकंद सहज उलटतात. वेबहुक नोडमध्ये लगेच उत्तर द्यायचा पर्याय आहे, तो निवडा.

तोच निरोप दोनदा आला तर

पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सर्व्हर दमला, उत्तर उशिरा गेलं, आणि एका ऑर्डरची बातमी दुसऱ्यांदा आली. वर्कफ्लोने ती नवी समजून शीटमध्ये दुसरी ओळ लिहिली. स्वयंपाकघरात २१ च्या जागी ४२ मोदकांची उकड निघाली. तांदळाच्या पिठाची उकड ठेवून देता येत नाही, ती गरम असतानाच मळून वळावी लागते. ते मोदक शेजारी वाटले, पण मावशीचे तेवढे कष्ट वाया गेले आणि त्याची मला आजही टोचणी आहे.

वेबहुक पाठवणाऱ्या बहुतेक सेवा ‘किमान एकदा पोचवू’ एवढीच हमी देतात. ‘एकदाच पोचवू’ अशी नाही. निरोप मागेपुढेही येऊ शकतात. म्हणून तोच निरोप कितीदा आला तरी परिणाम एकच राहील, याची जबाबदारी आपल्या वर्कफ्लोची. साधा उपाय म्हणजे गूगल शीट्सच्या नोडमध्ये नुसतं ‘अपेंड’ निवडण्याऐवजी ‘अपेंड ऑर अपडेट’ निवडणं, आणि जुळवायचा रकाना म्हणून पेमेंट आयडी देणं. आयडी आधीच असेल तर तीच ओळ पुन्हा लिहिली जाते, नवी बनत नाही.

पण त्याने शीटच वाचते; ग्राहकाला आणि स्वयंपाकघराला जाणारा निरोप तरीही दोनदा जाईल. त्यासाठी सही तपासल्यानंतर लगेच, शीटच्याही आधी, रिमूव्ह डुप्लिकेट्स नोड टाका आणि त्यात मागच्या एक्झिक्युशनमध्ये (वर्कफ्लोच्या आधीच्या फेऱ्यांमध्ये) येऊन गेलेल्या गोष्टी वगळायचा पर्याय निवडा. ओळखीसाठी पेमेंट आयडी द्या. रेझरपे हेडरमध्ये घटनेचा आयडीही पाठवतं. तो प्रत्येक घटनेला वेगळा आणि पुन्हा पाठवलेल्या निरोपात तोच असतो, त्यामुळे तोही चालतो. दिवसाला शेकडो ऑर्डरी असतील आणि दोन निरोप एकाच क्षणी येण्याची शक्यता असेल तर शीटवर विसंबू नका. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टेबलात पेमेंट आयडीवर युनिकची अट घाला. दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल.

ग्राहकाला पोच, स्वयंपाकघराला निरोप

ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवरच आहेत, त्यामुळे पोच तिथेच द्यायला हवी. त्यासाठी मेटाचा अधिकृत क्लाउड एपीआय वापरा. क्यूआर कोड स्कॅन करून साध्या व्हॉट्सअ‍ॅपला जोडणारी अनधिकृत साधनं स्वस्त पडतात, पण नंबर बंद होण्याचा धोका असतो, आणि वीस वर्षांची गिऱ्हाइकं ज्या नंबरवर आहेत तो नंबर पणाला लावण्यासारखं यात काही नाही. एपीआयसाठी वेगळं सिम घ्या.

मेटाच्या डेव्हलपर डॅशबोर्डवर बिझनेस प्रकारचं अ‍ॅप करा, त्यात व्हॉट्सअ‍ॅप जोडा. तिथे समोरच एक टोकन दिसतं, ते तात्पुरतं असतं आणि २४ तासांत संपतं. चाचणीला ठीक, पण कायमच्या कामासाठी बिझनेस सेटिंगमध्ये सिस्टिम यूझर करून त्याच्या नावाने मुदत नसलेलं टोकन काढा. एन-एट-एनच्या क्रेडेन्शियलमध्ये तेच टाका. संदेश पाठवताना लागतो तो फोन नंबर आयडी. तो तुमच्या मोबाइल नंबरपेक्षा वेगळा असतो. ग्राहकाचा नंबर देशाच्या कोडसकट, ९१ ने सुरू होणारा हवा.

ग्राहकाने शेवटचा संदेश केल्यापासून २४ तास तुम्ही त्याला हवं ते लिहू शकता. त्यानंतर किंवा स्वतःहून सुरुवात करायची तर आधी मंजूर झालेला टेम्पलेटच चालतो. ऑर्डरच्या पोचेसाठी युटिलिटी प्रकारचा टेम्पलेट मराठीत लिहून मंजुरीला पाठवा. ‘नमस्कार, तुमची … मोदकांची ऑर्डर नोंदवली आहे. … तारखेला सकाळी … वाजता घेऊन जाता येईल.’ रिकाम्या जागा वर्कफ्लो भरतो. त्यात ‘पुढच्या ऑर्डरीवर सवलत’ असं काही घातलं तर तो मार्केटिंगमध्ये जातो आणि खर्च वाढतो. मंजुरीला वेळ लागू शकतो, म्हणून हे काम सणाच्या आठवड्यावर ढकलू नका. एसएमएस पाठवायचा विचार असेल तर भारतात डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीच्या व्यवस्थेवर) नाव, हेडर आणि मजकूर नोंदवावा लागतो. त्यासाठीही वेळ हाताशी ठेवा.

स्वयंपाकघरासाठी मी टेलिग्राम निवडलं, कारण ते पटकन जोडता येतं आणि फुकट आहे. बॉटफादरला (टेलिग्रामवर बॉट बनवून देणाऱ्या बॉटला) नवा बॉट मागा, टोकन घ्या, बॉटला घरच्या ग्रुपमध्ये घाला, ग्रुपचा चॅट आयडी टेलिग्राम ट्रिगरने बघून घ्या. ग्रुपचा आयडी ऋण चिन्हाने सुरू होतो, ते चिन्ह विसरू नका. साधा ग्रुप सुपरग्रुप झाला की त्याचा आयडी बदलतो आणि निरोप अडकतात. एका बॉटला एकच वेबहुक मिळतो, त्यामुळे त्याच बॉटवर चाचणीचा ट्रिगर लावला तर चालू असलेला ट्रिगर बंद पडतो. चाचणीसाठी दुसरा बॉट करा.

तयार नोड नसेल तेव्हा

कुरियरची सेवा, हिशोबाचं सॉफ्टवेअर, सोसायटीचं अ‍ॅप, यांचे तयार नोड नसतात. तिथे एचटीटीपी रिक्वेस्ट नोड उपयोगी पडतो. सेवेच्या माहितीपानावर कर्लचं (सेवेला विचारणा करायच्या कमांडचं) उदाहरण दिलेलं असेल तर ते तसंच्या तसं कॉपी करून नोडमधल्या ‘इम्पोर्ट कर्ल’मध्ये चिकटवा, पत्ता, पद्धत, हेडर, मजकूर सगळं आपोआप भरतं. मग त्यातली चावी काढून क्रेडेन्शियलमध्ये हलवा.

उत्तर आलं नाही तर आधी आकडा वाचा. ४०१ म्हणजे चावी चुकली किंवा संपली. ४०३ म्हणजे चावी बरोबर, पण या दाराची परवानगी नाही. ४०४ म्हणजे पत्ता चुकला, ४०० म्हणजे पाठवलेल्या मजकुरात काही चूक. ४२९ म्हणजे तुम्ही फार वेगाने विचारताय. ५०० च्या पुढे सगळी गडबड समोरच्याकडे, थोडं थांबून पुन्हा विचारा. शेवटच्या दोन प्रकारांसाठी नोडच्या सेटिंगमध्ये ‘रिट्राय ऑन फेल’ सुरू ठेवा, पण ४०१ ला शंभरदा प्रयत्न करूनही काही होणार नाही. गूगल शीट्सची मर्यादा एका वापरकर्त्याला मिनिटाला ६० वाचनं आणि ६० लेखनं अशी आहे. दोनशे ओळी एकेक करून लिहायला गेलात तर ४२९ येणारच. थोड्या थोड्या करून पाठवा आणि मध्ये वेट नोड टाका.

बिघडलं तर कळणार कसं

जोडणी गप्पपणे तुटते तेव्हा जास्त नुकसान होतं. एरर ट्रिगरने सुरू होणारा एक वेगळा वर्कफ्लो बनवा आणि मुख्य वर्कफ्लोच्या सेटिंगमध्ये त्याचं नाव द्या. कोणता नोड पडला आणि काय संदेश आला, एवढं त्याने कळवावं. कळवण्याचा मार्ग नेहमीचा ठेवू नका. टेलिग्रामच बंद असेल तर टेलिग्राम बंद असल्याचा निरोप टेलिग्रामवर येणार नाही. आम्ही त्यासाठी मेल ठेवला. हाताने चालवलेल्या एक्झिक्युशनला हा एरर वर्कफ्लो जागा होत नाही, म्हणून चाचणी घेताना मुख्य वर्कफ्लो अ‍ॅक्टिव्ह ठेवून खराखुरा चुकीचा निरोप पाठवा.

आणि बेल वाजलीच नाही तर एरर ट्रिगरलाही काही कळत नाही. म्हणून रोज रात्री ९ वाजता एक लहान वर्कफ्लो चालतो. रेझरपेच्या एपीआयकडून दिवसभरातली कॅप्चर्ड पेमेंट मागवतो, शीटमधल्या आयडींशी ताडून बघतो आणि जे शीटमध्ये नाही ते मावशीला आणि मला पाठवतो. ही यादी बहुतेक दिवस रिकामी असते. तरीही तो ‘आज सगळं जुळलं’ एवढा निरोप देतोच, म्हणजे तो स्वतः बंद पडला तरी लक्षात येतं. चारही बाणांपेक्षा मला या वर्कफ्लोचं मोल जास्त वाटतं. दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने उभं करायचं नसेल तर हा करा.

ग्राहकांचे नंबर आणि पत्ते तुमच्याकडे साठताहेत, याचंही भान ठेवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ती लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे. एन-एट-एन प्रत्येक एक्झिक्युशनचा मजकूर जपून ठेवतं. मूळ सेटिंगमध्ये जुना मजकूर ३३६ तासांनी, म्हणजे १४ दिवसांनी, काढला जाऊ लागतो. ती मुदत गरजेएवढीच ठेवा. हाताखालचा मुलगा काम सोडून गेला तर त्याच दिवशी चाव्या बदला.

शेवटची पायरी संगणकावरची नाही. मावशीच्या वहीच्या मागच्या पानावर मी एक तक्ता आखला आहे: सेवेचं नाव, कोणत्या मेलवर खातं, चावी कुठे बनवली, कधी संपते, बंद पडली तर कुठलं बटण दाबायचं. चाव्या स्वतः तिथे लिहिलेल्या नाहीत. नागपंचमीच्या सुमारास मावशी ते पान उघडून मला फोन करते, “अरे, बघून घे रे एकदा सगळं,” आणि आम्ही एक रुपयाचं पेमेंट करून चारही बाण तपासतो.